क्लब कोणाचा? गावाच्या फुटबॉल संघाची गोष्ट

(बुटीबोरी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



समोर पाहतो तर काही जण दिवसपाळी आटोपून थेट इथं आलेले दिसतात, काहींना इथून उठून रात्रपाळी गाठायची आहे. म्हणून नमनाला घडाभर तेल घालत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांना वंदन करून विषयाला हात घालतो.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘गावाचा फुटबॉल क्लब’. पलीकडे जरा शांतता. मग हळूच प्रश्न आला, ‘सर, क्रिकेट नाही?’ नाही बाप्पा, क्रिकेट नाही. क्रिकेटवर बोलायला या देशात माणसांची वाण नाही. मला बोलायचं आहे ते एका साध्या प्रश्नावर. एखाद्या लहान गावात एखादा खेळाचा क्लब शंभर वर्षं जगतो आणि दुसरीकडे कोट्यवधी रुपये ओतलेला संघ एका सकाळी बंद होतो. असं का? क्लब नेमका कशावर जगतो? मैदानावर? पैशावर? एखाद्या मोठ्या खेळाडूवर?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला मध्येच उठावं लागलं तरी तो रिकाम्या हातानं जाणार नाही. क्लब जगतो तो सभासदांवर. जो वर्गणी देतो, सभेत भांडतो आणि हरल्यावरही पुढच्या रविवारी मैदानावर येतो, त्याच्यावर. हे पटवण्यासाठी मी तुम्हाला तीन ठिकाणी नेणार आहे: डेन्मार्क, कोल्हापूर आणि आपलं नागपूर. शेवटी बुटीबोरीत परत येऊ.

आधी डेन्मार्क. देश केवढा? लोकसंख्या सुमारे साठ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसेहेचाळीस लाखांच्या वर होती. म्हणजे आपल्या जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा देश. आणि या देशानं १९९२ साली युरोपचं अजिंक्यपद जिंकलं. तेही कसं? पात्रता फेरीत तो मागे राहिला होता. युगोस्लाव्हियाला युद्धामुळे स्पर्धेतून बाहेर काढलं, म्हणून ऐनवेळी याला बोलावलं. आला आणि अंतिम सामन्यात जर्मनीला २-० असं हरवून गेला. त्या सामन्यातला पहिला गोल जॉन जेन्सन या खेळाडूचा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एवढ्याशा देशाला हे कसं जमतं? त्यांची फुटबॉल संघटना १८८९ सालची. त्याच वर्षी कलकत्त्यात मोहन बागान सुरू झाला. म्हणजे सुरुवातीला आपण काही त्यांच्या मागे नव्हतो. फरक पुढे पडला. तिथं खेळ गावोगावच्या नोंदणीकृत मंडळांतून वाढला. मंडळात नाव घालायचं, वर्षाची वर्गणी भरायची, वार्षिक सभेत हात वर करून कार्यकारिणी निवडायची. मुलांना शिकवणारे बहुतेक जण पगार घेत नाहीत. कोणी टपालखात्यात असतो, कोणी शाळेत शिकवतो, संध्याकाळी तो मैदानावर. आणि नगरपालिकांनी अशा मंडळांना मैदानं आणि सभागृहं उपलब्ध करून द्यावीत, असा तिथं कायदाच आहे. खेळाडूंना पैसे देऊन खेळवायला तर त्यांनी १९७८ पर्यंत परवानगीच दिली नव्हती.

जाता जाता एक गंमत सांगतो. अणूची रचना उलगडणारे नील्स बोर तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत. हे गृहस्थ कोपनहेगनच्या एका क्लबात गोलकीपर होते. त्यांचे बंधू हाराल्ड बोर थोर गणिती, पण खेळात भावापेक्षा सरस. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या डॅनिश संघात ते होते. त्या स्पर्धेत डेन्मार्कनं फ्रान्सला १७-१ असं हरवलं होतं! ‘खेळत बसलास तर अभ्यासाचं वाटोळं होईल’ असं म्हणणाऱ्या आईबापांनी बोर बंधूंचा फोटो घरात लावायला हरकत नाही.

आता एका लहान गावाकडे येऊ. कोपनहेगनच्या दक्षिणेला क्योगे नावाचं बंदराचं शहर आहे आणि त्याला लागून हेरफोल्गे हे गाव. क्योगेच्या क्लबानं १९५४ साली देशाचं विजेतेपद मिळवलं. राजधानीबाहेरच्या क्लबानं ते मिळवण्याची ही पहिलीच वेळ. शेजारच्या हेरफोल्गेचा क्लब १९२१ सालचा. गाव आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावाएवढं. एकोणऐंशी वर्षं हा क्लब खेळत राहिला आणि २००० साली तो चक्क देशाचा विजेता झाला. प्रशिक्षक कोण? तेच जॉन जेन्सन!

गोष्ट इथं संपली असती तर सिनेमा झाला असता. पण पुढच्याच वर्षी हा विजेता संघ खालच्या श्रेणीत घसरला. एका वर्षी राजा, दुसऱ्या वर्षी पायउतार. काही वर्षांनी, २००९ मध्ये, हेरफोल्गे आणि क्योगे या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी आपले वरचे संघ एकत्र केले आणि एचबी क्योगे हा नवा संघ उभा केला. कल्पना करा, दोन गावं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना पाण्यात पाहत आलेली, आणि एके दिवशी दोघांना एकच जर्सी घालायची. किती घरांत जेवणं झाली नसतील! पण खाली लहान मुलांचा खेळ चालूच राहिला. आणि त्याच नव्या क्लबाच्या महिला संघानं २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं डेन्मार्कचं विजेतेपद पटकावलं. जिथं पुरुषांचा संघ घसरला तिथं मुलींनी नाव काढलं.

मग मी तुम्हाला विचारतो, हेरफोल्गेचा क्लब २००१ मध्ये मेला का? नाही. कारण तो विजेतेपदावर उभाच नव्हता. तो गावकऱ्यांच्या वर्गणीवर उभा होता. हा माझा पहिला मुद्दा: संघ हरतो, घसरतो, विकला जातो, क्लबाला सभासद असतील तर क्लब राहतो.

आता उलट बाजू पाहा. ही आपल्या कारखान्यांच्या गावानं नीट ऐकण्यासारखी आहे. मुंबईत महिंद्राचा संघ होता. १९६२ सालचा. महिंद्रा युनायटेड या नावानं त्यानं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, फेडरेशन चषक दोनदा जिंकला. पंजाबात फगवाड्याच्या कापडगिरणीचा जेसीटी हा संघ. १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, तिचा पहिला विजेता हाच. दोन्ही संघ नावाजलेले, दोन्हींत भारताकडून खेळलेले खेळाडू. आणि दोन्ही लागोपाठच्या वर्षी बंद: महिंद्रा २०१० मध्ये, जेसीटी २०११ मध्ये. पाच वर्षांनी गोव्यातले डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब देशाच्या आय-लीगमधून बाहेर पडले. यातल्या डेम्पोनं तर देशाचं विजेतेपद पाच वेळा मिळवलेलं.

मी कारखानदारांना दोष द्यायला उभा नाही. त्यांनी अनेक वर्षं पदरमोड करून संघ पोसले. खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, त्यांची घरं उभी राहिली. हे ऋण मोठं आहे. पण कंपनीचा संघ हा कंपनीच्या हिशेबवहीतला एक आकडा असतो. धोरण बदललं की आकडा पुसला जातो. प्रेक्षक काय करणार? त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, वर्गणी दिली नव्हती. सभेला ते नव्हते, कारण सभा त्यांची नव्हतीच. टाळ्या वाजवणाऱ्याला क्लब बंद झाल्याचं वर्तमानपत्रातून कळतं. सभासदाला विचारल्याशिवाय क्लब बंद करता येत नाही.

आता महाराष्ट्रात असं गाव आहे का, जिथं फुटबॉल लोकांनी आपला म्हणून सांभाळला? आहे. कोल्हापूर.

कोल्हापूर म्हटलं की आपल्याला कुस्ती आठवते, तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीमैदान १९१२ साली बांधलं. पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या. तांबड्या मातीचा हौद, मारुती, पहाटेच्या जोर-बैठका. तालीम म्हणजे फक्त कुस्ती शिकायची जागा नव्हती. पेठेतलं भांडण तिथं मिटायचं, गणपती तिथं बसायचा आणि कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसायचे, आजही बसतात. पेठेतला पोरगा कुठं आहे, कोणाबरोबर आहे, याची चौकशी तालमीतली वडीलधारी मंडळी करायची.

या तालमींनी फुटबॉल उचलला. नावं ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यात कुठं ‘युनायटेड’ नाही, कुठं ‘वॉरियर्स’ नाही. पेठेचं नाव, तालमीचं नाव, देवाचं नाव. कुस्तीच्या आखाड्यातून अकरा जणांचा संघ निघाला, आणि पेठेला वेगळा क्लब काढावाच लागला नाही. क्लब आधीच होता. फक्त चेंडू नवा आला.

हा माझा दुसरा मुद्दा. क्लब चेंडूपासून सुरू होत नाही. माणसं आधी कुठंतरी जमत असतात, एकमेकांची जबाबदारी घेत असतात, तिथं चेंडू टाकला की क्लब होतो. ज्या वस्तीत माणसं एकमेकांना ओळखतच नाहीत, तिथं तुम्ही हिरवळीचं मैदान करून द्या, चार वर्षांत तिथं मोटारी उभ्या राहतील.

कोल्हापुरात हंगाम सुरू झाला की छत्रपती शाहू स्टेडियमवर काय माहोल असतो, हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे तिथल्या भाषेत केएसए, लीग भरवते. छत्रपती घराण्याचा या संस्थेला पहिल्यापासून आधार. लीग झाली की चषकांच्या स्पर्धा. ‘पाटाकडील’ची मॅच ‘शिवाजी’शी किंवा ‘बालगोपाल’शी असली की दुपारपासूनच पेठा ओस पडतात. भाजीवाला, रिक्षावाला, वकील, सगळे एकाच गॅलरीत, आणि सगळ्यांना रेफ्रीपेक्षा जास्त कळतं! विश्वचषक आला की या पेठा अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटल्या जातात आणि मेस्सी-नेमारचे भलेमोठे फलक चौकात लागतात. सात समुद्रांपलीकडचा खेळाडू, पण त्याच्यावरून भांडण मात्र आपल्याच शेजाऱ्याशी.

याच मातीतून अनिकेत जाधव आला. वडील रिक्षा चालवायचे. पोरगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. भारतानं फुटबॉलच्या कुठल्याही वयोगटाच्या विश्वचषकात उतरण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्या संघात कोल्हापूरचा मुलगा! पेठेला याहून मोठं बक्षीस कुठलं?

पण कोल्हापूरची आरती ओवाळून मी थांबणार नाही. ईर्ष्या वाढली की तिचं हाणामारीत रूपांतर होतं. सामने थांबवावे लागले, गॅलरीतून दगड आले, पोलीस बंदोबस्तात स्पर्धा उरकाव्या लागल्या, हे सगळं तिथं घडलं आहे. जिंकायचंच म्हणून बाहेरचे, अगदी परदेशातले खेळाडू पैसे देऊन आणण्याची चढाओढ लागली. मग पेठेतल्या पोरानं बाकावर बसायचं का, असा सवाल उभा राहिला. संघटनेला बाहेरच्या खेळाडूंवर मर्यादा घालावी लागली. सभासदांचा क्लब असला म्हणजे सगळं गोड चालतं असं समजू नका. पण तिथं वाद तरी होतो. कोणीतरी उठून म्हणतं, ‘हा आमचा क्लब आहे, हे चालणार नाही.’ कंपनीच्या संघात हे वाक्य कोण कोणाला म्हणणार?

आता घराजवळ येऊ. आपल्या नागपूरला फुटबॉल नवा आहे का? मुळीच नाही. बेंगाल नागपूर रेल्वेच्या संघानं नागपूरचं नाव कलकत्त्याच्या मैदानावर गाजवलं. तिथले जुने लोक अजून ‘बीएनआर’ म्हणून तो संघ आठवतात. गंमत अशी की त्या नावातलं नागपूर आपलं, पण संघ कलकत्त्याचा! इकडे कामठीला १८२१ साली इंग्रजांची छावणी पडली आणि पुढे त्या गावातही फुटबॉल रुजला. आज कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचे राहुल क्लब, यंग मुस्लिम ही नावं जिल्हा संघटनेच्या स्पर्धांत वर्षानुवर्षं झळकतात. हे क्लब कोणा उद्योगपतीचे नाहीत. ते मोहल्ल्यांचे आहेत. संध्याकाळी कामावरून आलेला माणूस तिथं उभा राहून पोरांवर ओरडतो, बस्स, तेवढ्यावर हे क्लब चाललेत. कोल्हापूरच्या पेठांची बातमी पुण्यामुंबईपर्यंत जाते. कामठीची बातमी नागपूरच्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत संपते. हा आपला कमीपणा आहे, कामठीचा नाही.

आणि नागपूरनं फुटबॉलला एक गोष्ट अशी दिली, जी कोल्हापूरनं दिली नाही आणि डेन्मार्कनंही दिली नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोट्टी पावसात एक फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. तुम्हीआम्ही काय केलं असतं? छत्री उघडून पुढे गेलो असतो. बारसे सरांनी २००१ मध्ये या मुलांसाठी स्पर्धा भरवली. नाव काय दिलं? ‘झोपडपट्टी फुटबॉल’. लोकांनी नावं ठेवली, हे कसलं नाव म्हणून. सरांनी नाव बदललं नाही. त्यातून क्रीडा विकास संस्था वाढली, ‘स्लम सॉकर’ हे नाव जगभर गेलं. नागराज मंजुळे यांनी २०२२ साली ‘झुंड’ काढला, अमिताभ बच्चन नागपूरच्या वस्तीत उभे राहिले, तेव्हा कुठं आपल्याला कळलं की आपल्या गावात एवढं काही घडलं होतं. वीस वर्षांनी! तेही पडद्यावर पाहिल्यावर!

बेघर आणि वंचित खेळाडूंचा एक विश्वचषक भरतो. त्यात भारताचा संघ निवडून नेण्याचं काम नागपूरची हीच मंडळी करतात. तो विश्वचषक २००७ साली कुठं भरला होता? डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये. म्हणजे पाहा, आपण इथं बसून ज्या देशाचं कौतुक करतो आहोत, त्याच देशात जगभरातली ही मुलं खेळून आली.

इथं माझा तिसरा मुद्दा येतो. क्लब उभा राहिला, सभासद झाले, वार्षिक सभा झाली. ठीक. पण दार कोणासाठी उघडं आहे? कोल्हापूरचा क्लब पेठेचा, कामठीचा मोहल्ल्याचा. पेठेबाहेरच्या पोराचं काय? ज्याला पेठच नाही, त्याचं काय? आणि मुलींचं काय? गॅलरीत तरी किती जणी दिसतात? हेरफोल्गे-क्योगेच्या मुलींनी जे करून दाखवलं, ते आपल्याकडे होणार नाही, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगावं. बारसे सरांनी शिकवलं ते हे, की दारात उभ्या असलेल्या पोराला आधी आत घ्या, बूट आहेत का ते नंतर विचारा.

मंडळी, आता बुटीबोरी. तुमच्या गावाला पेठ नाही. इथं रेल्वेचं जंक्शन होतं, बाजार होता, संत्री आणि कापूस होता. मग औद्योगिक वसाहत आली. ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली. आज या सभागृहात वर्ध्याची माणसं आहेत, उमरेडची आहेत, बिहार-ओडिशातून आलेलीही असतील. एका खोलीत चार जण राहतात, तिघांची पाळी वेगळी. शेजारच्या खोलीत कोण राहतं, हे माहीत नाही. अशा गावात क्लब कसा होणार, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणतो, अशाच गावाला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. ज्या गावाला जुनी पेठ नाही, त्या गावानं क्लबातून पेठ तयार करायची.

काय लागेल? संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याप्रमाणे सात माणसं लागतात. संघाला अकरा लागतात, पण संस्थेला सातच पुरतात! सात जणांनी एकत्र यावं, घटना लिहावी, नोंदणी करून घ्यावी. वर्गणी एवढी कमी ठेवा की हेल्पर म्हणून काम करणाऱ्यालाही ती देता येईल, पण वर्गणी ठेवाच. फुकट दिलेल्या गोष्टीवर माणूस हक्क सांगत नाही. कारखान्यांकडे जरूर जा. जर्सी मागा, गोलपोस्ट मागा, मैदानावर दिवे मागा. देणगी घ्या, मालकी देऊ नका. सराव दोन वेळा ठेवा, पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे कोणत्याही पाळीचा माणूस सुटणार नाही. मुलींचा संघ पहिल्या दिवसापासून ठेवा, ‘पुढे पाहू’ म्हणू नका. आणि परप्रांतातून आलेल्या कामगाराचं पोरगं सरावाला आलं तर त्याला गाव विचारू नका, कुठल्या जागेवर खेळतोस ते विचारा.

नगर परिषदेचे कोणी प्रतिनिधी इथं असतील तर त्यांनाही एक मागणं आहे. फुटबॉलचं पूर्ण मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. एवढी एक जागा गावाच्या आराखड्यात मैदान म्हणून राखून ठेवा आणि ती लग्नाच्या मांडवाला भाड्यानं देऊ नका. जमीन आज आहे. दहा वर्षांनी नसेल.

माझं सांगणं थोडक्यात पुन्हा मांडतो. क्लब माणसांच्या जमण्यातून जन्मतो, चेंडूतून नाही. हे कोल्हापूर सांगतं. क्लब सभासदांच्या मालकीनं टिकतो; हे हेरफोल्गे सांगतं, आणि २०१० व २०११ साली बंद झालेले संघ उलट्या बाजूनं तेच सांगतात. आणि क्लब मोठा होतो तो उघड्या दारानं. हे आपलं नागपूर सांगतं. विजेतेपद मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तरी काही बिघडत नाही. हेरफोल्गेला ते मिळायला एकोणऐंशी वर्षं लागली होती.

सात माणसं मी मागितली आहेत. सभागृहात शे-दीडशे तरी दिसताहेत. घरी जाण्याआधी त्यातल्या सात जणांनी संयोजकांकडे आपली नावं लिहून द्यावीत, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.